स्पेनच्या गल्ल्यांत मान वर करून फिरताना: तुमचे अनुभव सांगा

रानजाई:
आज सकाळी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर खरुची, तो छोटा शिकारी पक्षी, बसलेली दिसली आणि एकदम त्रुखियो आठवलं. स्पेनच्या पश्चिमेला एक्स्त्रेमादुरात आहे हे गाव. लेकीकडे माद्रिदला गेले होते तेव्हा मे महिन्यात ती आणि जावई घेऊन गेले. लोक तिथे पिसारोचं गाव म्हणून जातात, इंकांचं राज्य बुडवणारा तोच, चौकात त्याचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे, १९२९ साली बसवलेला. तो एकदा बघितला आणि मग सगळा वेळ मान वर! चर्चच्या मनोऱ्यांवर, जुन्या वाड्यांच्या धुराड्यांवर, जिथे बघावं तिथे पांढऱ्या करकोच्यांची घरटी. करकोच्याला आवाज जवळजवळ नाहीच, तो मान पार पाठीवर टाकतो आणि चोच वाजवतो, तो कडकडाट अख्ख्या चौकात घुमतो आणि खाली लोक निवांत कॉफी पीत असतात. आणि त्या काटक्यांच्या ढिगात खालच्या बाजूला चिमण्यांनी संसार मांडलेले, पोटभाडेकरूच जणू.

पण मला बघायची होती छोटी खरुची, लेसर केस्ट्रेल. आफ्रिकेतून फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि कौलांखालच्या फटीत अंडी घालते. गावाच्या कडेला बैलझुंजीचं गोल मैदान आहे त्याच्या कौलांमध्ये त्यांची वसाहतच आहे, आणि ती जागा युरोपियन युनियनच्या नियमांखाली पक्ष्यांसाठी राखलेली. कौलं कशी, तर आपल्या कोकणातली नळीची असतात ना अगदी तश्शी. नर माझ्या डोक्यावरून गेला, विटकरी पाठ, त्यावर एकही ठिपका नाही, डोकं राखी-निळं. छप्पर नव्याने बांधलं आणि फटी बुजवल्या की या पक्ष्यांचं घरच जातं, म्हणून तिथे दुरुस्ती करताना पक्ष्यांचा विचार होतो याचं मला फार कौतुक वाटलं. तुम्ही कोणी स्पेनमधल्या गावांत असं काही पाहिलंय का? पक्षी, दारं, भिंती, काहीही चालेल, लिहा.

सह्यवेडा:
मोनफ्राग्वेचं राष्ट्रीय उद्यान केलं की नाही??? त्रुखियोहून गाडीने तासाभराच्या आत. साल्तो देल खितानो म्हणून जागा आहे, समोर ताखो नदी आणि पलीकडे सरळसोट कडा, त्यावर ग्रिफॉन गिधाडं. आपण रस्त्याच्या कडेला उभे आणि गिधाडं डोळ्यांच्या रेषेत, काही तर आपल्याही खालून जातात, त्यांची पाठ दिसते हो, गिधाडाची पाठ कधी कोणी बघितलीय? कड्यावर काळा करकोचाही होता. आमच्या गावी लहानपणी ढोर टाकायच्या जागेवर गिधाडांची गर्दी असायची, मग एकेक करत संपली, डायक्लोफिनॅकने, म्हणजे गुरांना देतात ते दुखण्यावरचं औषध, मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात जातं. आपल्याकडे जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं आणि स्पेनने २०१३ मध्ये त्यालाच परवानगी दिली. एवढी गिधाडं ज्या देशात उरलीत त्यांनी हे करावं, अजून राग येतो मला.

रानजाई:
@सह्यवेडा, नाही ना जमलं, नातू लहान होता तेव्हा. पुढच्या वेळी नक्की. काय लिहिलंत, काटा आला अंगावर.

पुणेरी_मीनल:
सेव्हिया!! रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, वाटतं तोडून खावं पण कडू असतात, मार्मालेडला इंग्लंडला जातात. मारिया लुइसा पार्कमध्ये ओळखीचा आवाज आला म्हणून वर बघते तर आपला हिरवा पोपट, तोच, लाल चोच, गळ्यात कंठी! आधी इतका आनंद झाला मला. मग कळलं की पाळलेले सुटून वाढलेत आणि तिथल्या मोठ्या दुर्मिळ वटवाघळांना झाडांच्या ढोल्यांतून हुसकून लावतात. तेव्हापासून त्यांच्याकडे बघताना मन दोन्हीकडे ओढतं, त्या बिचाऱ्यांनी तरी कुठे जायचं.

ओंकार७८:
बार्सिलोनातपण पोपट आहेत पण ते वेगळे, मंक पॅराकीट, दक्षिण अमेरिकेतले. काटक्यांची मोठीच्या मोठी घरटी बांधतात ताडांवर. बाकी बार्सिलोनात मी खालीच बघत होतो 😀 पासेच दे ग्रासियाच्या फुटपाथवर वास्तुकार गौदीच्या षटकोनी फरशा आहेत, त्यावर समुद्रातली चित्रं उमटवलेली, एका फरशीवर पूर्ण दिसत नाही, सात जोडल्या की जुळतं. बायको पुढे निघून गेली मी तिथेच उकिडवा.

नलूमावशी:
फोटो टाका ना कोणीतरी

शिरीष_नाशिक:
रोंदाला जा. दरीवरचा पूल १७९३ चा, ९८ मीटर उंच. कठड्यावरून खाली बघायचं, लाल चोचीचे काळे चफ नावाचे कावळ्याचे भाऊबंद वाऱ्यावर खेळत असतात. बाकी लोक सेल्फीत.

गोदाकाठ:
आम्ही आल्काला दे एनारेसला राहायचो २ वर्षं, 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सर्वांतेसचं जन्मगाव. तिथे म्हण आहे, पोर सान ब्लास, ला सिगुएन्या वेरास, म्हणजे ३ फेब्रुवारीला सान ब्लासचा दिवस, तेव्हा करकोचे दिसायला लागतात. पण आता बरेच करकोचे जातच नाहीत आफ्रिकेला, कचरा डेपोवर बाराही महिने खायला मिळतं. आमच्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकून बसायच्या, मला हाताने खूण करून घरटं दाखवायच्या, पिल्लू उभं राहायला लागलं की आधी त्यांना कळायचं. भाषा येत नव्हती मला तेव्हा फारशी, पण आमचं छान जमायचं. करोनात गेल्या त्या.

रानजाई:
@गोदाकाठ, अगं वाईट वाटलं गं वाचून. अशी माणसं भेटतात म्हणून गाव आपलं होतं.

नलूमावशी:
आम्ही जाणार आहोत मार्चमध्ये, सगळे शाकाहारी, खायला काय मिळतं ते सांगा आधी. आणि दुपारी सगळं बंद असतं म्हणे?

पुणेरी_मीनल:
मावशी, छोट्या गावांत २ ते ५ दुकानं बंदच, तेव्हा रस्ते रिकामे असतात, पक्षी बघायला तीच वेळ घ्या, फक्त टोपी लागेल. खायला तोर्तिया दे पाताता, बटाटा-अंड्याचं, अंडं चालतं का तुम्हाला? नाहीतर सेव्हियात पालक-चणे मिळतात, मस्त, आपल्या भाजीच्या जवळचे. सूप घेताना 'सिन खामोन' नक्की म्हणा, वरून हॅम भुरभुरतात.

नलूमावशी:
अंडं चालतं, ह्यांना नाही. पालक-चणे लिहून घेतलं. दुर्बीण कुठली घ्यावी गं, हलकी, ८ बाय ४२ चांगली म्हणतात ती जड पडेल का?

सह्यवेडा:
८ बाय ३२ घ्या मावशी, गळ्यात दिवसभर राहील. गिधाडांना तेवढी पुरते.