रजोनिवृत्तीपूर्व काळातील घालमेल
‘पाळी अनियमित झाल्यापासून छातीत धडधडते, उगाच रडू येते, हा मनाचा दुबळेपणा का?’ या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पाळी कायमची थांबण्याआधीच्या या काळात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी संथपणे उतरत न जाता वरखाली होत राहते आणि मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाच्या कार्याशी तिचा संबंध असल्याने मनही हेलकावे खाते. मात्र थायरॉईडच्या विकारात आणि रक्तक्षयातही धडधड होते, म्हणून मला हाच त्रास झाला तेव्हा मी आधी त्या तपासण्या करून घेतल्या. सोलापूरच्या मे महिन्यात अंगाची आग वयाची की उन्हाची, हे ओळखणेच कठीण. परंतु रात्री घामाने झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते, हे वहीत नोंदी ठेवू लागल्यावर उमगले. संध्याकाळचा चहा सोडला, पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी चालू लागले. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.