मदत हवी आहे: आठवीच्या मुलांना अंतराळवीरांबद्दल नेटवर शोधायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी आठवीने 'अंतराळात माणूस' हा विषय घेतलाय. शाळेत चार टॅब, त्यातल्या एकाची पिन हाताने धरून ठेवली तरच चार्ज होतो. नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

मी आपलं 'शोधा आणि लिहून आणा' म्हणून मोकळी झाले. पाच गटांपैकी चार गटांनी एकच परिच्छेद उतरवून आणला. एका वहीत तर मधेच 'हेही वाचा: आजचे सोन्याचे दर' असंही सुवाच्य अक्षरात! ते जाऊ दे. खरी पंचाईत पुढे झाली. राकेश शर्मा अंतराळात किती दिवस होते? एका गटाचं उत्तर सात, दुसऱ्याचं आठ. अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन एका ठिकाणी यानातून उतरला, दुसऱ्या ठिकाणी पॅराशूटने. एका मुलीने विचारलं, "बाई, खरं कुठलं?" मला तरी कुठे माहीत होतं!

मुलांना कुठे पाठवू? इंग्रजी बेताचंच आहे. आणि ही उतरवाउतरवी थांबवायची कशी?

प्रतिसाद १

सात-आठचा घोळ खोडू नका, त्याचंच गणित करून घ्या. उड्डाण ३ एप्रिल १९८४, परत ११ एप्रिल. एकूण ७ दिवस २१ तास ४० मिनिटं. कोणी पूर्ण दिवस मोजले, कोणी वरचे तास धरून आठ केले.

एक खड्डा मात्र आधीच सांगून ठेवतो. शर्मा गेले सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून, पण परत आले सोयूझ टी-१० मधून. सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावरचे मुक्कामी लोक टी-१० मधून गेले होते. पाहुण्यांनी त्यांचं जुनं यान परत आणायचं आणि आपलं ताजं यान त्यांच्यासाठी ठेवायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे टी-११ उतरलं ऑक्टोबरमध्ये. एखादा गट यानाची तारीख बघून 'राकेश शर्मा सहा महिने अंतराळात' असं लिहून आणेल बघा.

प्रतिसाद २

गागारिनबद्दल. १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटांचं उड्डाण. व्होस्तोक यान जमिनीवर इतकं जोरात आदळायचं की आत बसून उतरणं धोक्याचं. म्हणून सुमारे ७ किलोमीटर उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने उतरला. पण जागतिक विक्रम मान्य व्हायचा तर वैमानिकाने यानासोबतच उतरायला हवं, असा त्या वेळी नियम होता. म्हणून सोव्हिएत सरकारने पॅराशूटची गोष्ट बरीच वर्षं दडवली. म्हणजे जुन्या पुस्तकात 'यानातून उतरला' असेल, तर लेखकाचा दोष नाही, जगाला सांगितलंच तसं होतं. मुलांना मजकुराखाली तो कधी लिहिलाय हे बघायला लावा.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? चॅटबॉटला विचारा, दोन मिनिटांत प्रकल्प तयार.

प्रतिसाद ४

@३, धागा वाचा हो आधी. बाईंना प्रकल्प नकोय, मुलांना शोधता यायला हवंय.

ताई, विषय फार ऐसपैस आहे, म्हणून मुलं उतरवतात. प्रश्न बारीक करा. 'अंतराळ संशोधन' नको, 'तिथे केस कसे धुतात?' द्या. नासाच्या अंतराळवीर कॅरन नायबर्ग यांनी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून केस धुताना व्हिडिओ केलाय, इंग्रजी कळलं नाही तरी सगळं दिसतं. मग विचारा, पाणी खाली का पडत नाही? 'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं' हेच उत्तर येणार. स्थानकाच्या ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं! स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात म्हणून तरंगतात. हे ज्याला समजलं त्याला उतरवायची गरज नाही.

नावं इंग्रजी स्पेलिंगने शोधायला शिकवा, तेवढं इंग्रजी जमतं. मराठी विकिपीडियावरून सुरुवात करा, पण खालचे संदर्भ उघडून बघायला लावा. नासाची बहुतेक छायाचित्रं शाळेच्या कामाला वापरता येतात, खाली श्रेय लिहायचं. 'अपोलो इन रिअल टाइम' या संकेतस्थळावर चंद्रमोहिमेतलं संभाषण मिनिटामिनिटाने ऐकता येतं, फक्त डेटा भरपूर खातं. घरच्या वायफायवर आधी बघून ठेवा, पानं पीडीएफ करून न्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. वहीत रकाने पाडले: काय सापडलं, कुठे, कोणी लिहिलं, कधी. तिसऱ्या रकान्यात पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'गूगल' लिहिलं, दुसऱ्या दिवशी दोघांनीच. ऑक्टोबरच्या खड्ड्यात एक गट पडलाच, पण त्यांनीच शोधून काढलं की त्या यानातून उतरलेल्या तिघांत शर्मांचं नावच नाही. केसांचा व्हिडिओ चार वेळा लावावा लागला.

आता नवीनच हट्ट आहे, स्थानक डोळ्यांनी बघायचंय. बुधवारी पहाटे आमच्याकडून दिसणार आहे, सर्वांत वर क्षितिजापासून ६२ अंशांवर. पण ते वायव्येकडून येतंय आणि त्या बाजूला डोंगर आहे. दिसेल का?

प्रतिसाद १

हात सरळ लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून डोंगरमाथ्यापर्यंत किती मुठी होतात ते मुलांकडूनच मोजून घ्या.

धागाकर्ती

मोजल्या. बहुतेकांच्या तीन भरल्या, एकाच्या पाच, पण त्याचा हात कोपरात वाकला होता. म्हणजे ६२ पैकी ३० अंश, जवळपास निम्मी चढण चढून आलं की दिसेल. पावणेपाचला शाळेच्या मैदानावर जमतोय.