प्रति: 'गोट'चं मिक्सिंग

वर कुणीतरी म्हटलंय की 'गोट' या अल्बममध्ये गायकाचा आवाज दबलाय, मिक्सिंग (म्हणजे आवाज आणि वाद्यांचा तोल) गंडलंय. अहो नाही, ते मुद्दाम केलंय! द जीझस लिझर्ड या अमेरिकन रॉक बँडचा हा १९९१ चा अल्बम साउंड इंजिनीअर स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केलाय आणि त्याचा हट्टच असायचा की बँड खोलीत जसा वाजतो तसाच टेपवर आला पाहिजे, स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घ्यायलाही तो तयार नसायचा. म्हणून गायक डेव्हिड यो जीव तोडून ओरडतो पण गिटार-ड्रम्सच्या खालून, बंद दारामागून कुणी हाका मारतंय तसा, आणि मला तर त्यानेच काटा येतो अंगावर.

लोकलमध्ये साध्या इयरफोनवर ऐकत असाल तर बेसिस्ट सिम्सचा बेस खडखडाटात पार बुडतो, आणि अर्धा अल्बम तर त्या बेसवरच उभाय. रात्री घरी पंखा बंद करून बरे हेडफोन लावा आणि यातलं 'नब' हे गाणं ऐका, गिटारिस्ट डेनिसनची स्लाइड गिटार कशी घसरत येते बघा. अख्खा अल्बम अर्ध्या तासाचा तर आहे. आवाज मात्र कमी ठेवू नका प्लीज, हळू लावला की खरंच काही कळत नाही त्यातलं.