ऊसतोडीच्या तळावर खिचडी देतो आहोत. यापुढे काय करावे? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याजवळच्या गावात राहणारे आठ-दहा जण आहोत. त्यात काही निवृत्त शिक्षक आहेत आणि काही शेतकरी. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि आमच्या गावाबाहेरच्या माळावर कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून चार-पाच महिने राहतात. गेले दोन हंगाम आम्ही वर्गणी काढून दर रविवारी तिथल्या मुलांना खिचडी आणि उकडलेली अंडी देत आहोत. मागच्या हंगामात एक बाई किराणा दुकानातून उधारीवर गहू नेताना भेटल्या. त्यांनी मला विचारले, "गुरुजी, आमचं रेशन गावाकडं हाय, ते हितं न्हाई का मिळायचं?" मला उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न मनातून जात नाही. आठवड्यातून एका जेवणाने भूक हटत नाही, हे आता आम्हाला कळले आहे. या हंगामाआधी आम्ही काय तयारी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शिधाहक्क:
गुरुजी, त्या बाईंचे रेशन तुमच्या गावातही मिळू शकते. मी मराठवाड्यात रेशनच्या प्रश्नावर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य (गरीब) कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. हे धान्य एकाच दुकानाशी बांधलेले नाही. शिधापत्रिकेचा क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून, ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन ते राज्यातील, किंबहुना देशातील, कोणत्याही रास्त भाव (रेशन) दुकानातून उचलता येते. म्हणून पहिल्या आठवड्यात खिचडीच्या पातेल्यासोबत एक वहीही न्या, आणि प्रत्येक कोपीतील शिधापत्रिका पाहून क्रमांक, यादीतील नावे आणि आधार जोडलेले आहे की नाही हे लिहून घ्या. शिधापत्रिकेच्या रंगावरून अंदाज बांधू नका, तिच्यावरचा शिक्का वाचा. केशरी पत्रिका असलेल्या सर्वांनाच धान्य मिळते असे नाही. केशरी पत्रिकेवर प्राधान्य किंवा अंत्योदयाचा शिक्का नसलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी रोख रक्कम दिली जाते, आणि त्यांना दुकानात नेले तर ती माणसे रिकाम्या हाताने परततील.

एका गोष्टीची मात्र फार काळजी घ्या. समजा, पत्रिकेवर पाच नावे आहेत, नवरा-बायको तोडीवर आले आहेत आणि म्हातारे आईवडील व शाळेत जाणारा मुलगा गावीच आहे. तुम्ही उत्साहाने पूर्ण 25 किलो इकडे उचलून दिलेत, तर तिकडे त्या म्हाताऱ्यांचा पुढचा महिना कसा जाईल? धान्य वाटून उचलता येते. 10 किलो इथे घ्यावे आणि 15 किलो गावाकडच्यांसाठी ठेवावे. हा निर्णय त्या कुटुंबाने फोनवर आपसांत बोलून घ्यायचा असतो. तो तुम्ही घेऊ नये.

माजी पर्यवेक्षिका:
वरील प्रतिसाद नेमका आहे. मी अंगणवाडीच्या बाजूने भर घालते, कारण तळावर सर्वांत आधी खंगतात ती दोन-तीन वर्षांची मुले आणि गरोदर बायका. याच कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. मुलाला आणि मातेला दिवसाला किती उष्मांक व प्रथिने मिळावीत, याचे प्रमाणही त्यात नमूद आहे. "ही आमच्या गावची मुले नाहीत" हे उत्तर मी स्वतः अनेक ठिकाणी ऐकले आहे, आणि ते कायद्याला धरून नाही. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर) स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद नव्या अंगणवाडीत घेण्याची सोय आहे. सेविकेशी भांडू नका. तिच्याकडे कामाचा डोंगर असतो. तुमच्यापैकी दोघांनी तिच्याबरोबर तळावर जाऊन नावे लिहून घेतली आणि मुलांची वजने करायला मदत केली, तर ती मनापासून काम करील असा माझा अनुभव आहे. सहा वर्षांवरील मुलांना गावच्या शाळेत बसवले की त्यांना तिथला पोषण आहारही मिळतो.

कोयत्याची लेक:
मी शिरूर कासार तालुक्यातील आहे आणि माझे आईवडील वीस वर्षे तोडीला गेले, म्हणून एवढेच सांगते की सल्ला कितीही चांगला असला तरी तो वेळेपाशी येऊन अडतो. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची आणि अंधारातच फडावर जायची. ती परत यायची तेव्हा रेशनचे दुकान बंद झालेले असायचे. दुकानात जायचे तर खाडा पडायचा आणि खाड्याचे पैसे कापले जायचे. दुकानदाराला विनंती करून महिन्यातून एक दिवस, शक्यतो खर्ची (घरखर्चासाठीची उचल) मिळते त्या दिवशी, संध्याकाळी दुकान उघडे ठेवता आले, तर बाकीच्या सगळ्या धडपडीला अर्थ येईल. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याने बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यामुळे यंत्र अंगठा घेत नाही. अशा वेळी पत्रिकेवर नाव असलेल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, हे बायकांना आवर्जून सांगा. आईला ते कोणी सांगितले नव्हते आणि ती दोनदा रडत परत आली होती. खिचडी मात्र बंद करू नका. आम्ही लहान असताना एका गावात कोणीतरी आम्हाला गूळ-शेंगदाणे द्यायचे, ते मला अजून आठवते.

कृष्णाकाठ:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या सर्वांना वाचून दाखवला. आता एक अडचण विचारतो. काल आमच्या गावच्या दुकानदाराशी बोललो. माणूस चांगला आहे, पण त्याचे म्हणणे असे की त्याला धान्य गावच्या शिधापत्रिकांपुरतेच येते, आणि बाहेरच्या साठ कुटुंबांना दिले तर गावातल्या लोकांना तो काय देणार? हे खरे आहे का?

शिधाहक्क:
त्याची भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. दुकानाचे नियतन (मिळणारा धान्याचा कोटा) आधीच्या हिशेबाने ठरते, त्यामुळे टोळ्या आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेला लेखी अर्ज द्या: अमुक दुकानाच्या हद्दीत दर वर्षी सुमारे साठ ऊसतोड कुटुंबे येतात, म्हणून नोव्हेंबरपासून वाढीव धान्य द्यावे. अर्जावर दुकानदाराचीही सही घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. रेशनवर देखरेख ठेवणाऱ्या गावाच्या दक्षता समितीची बैठक होत नसेल तर ती बोलावण्याची मागणी ग्रामसभेत मांडा. दुकानदाराने तरीही नकार दिला तर 1967 या क्रमांकावर तक्रार करा. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. टोळ्या निघण्यापूर्वी मुकादमाकडून गावांची यादी मिळाली तर मला कळवा. त्या गावांतील ज्या लोकांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिली आहे, त्यांना आमचे कार्यकर्ते दसऱ्याआधी भेटतील.