कुत्र्याला मराठी नाव ठेवायला लाज वाटते का?

रानवारा: संध्याकाळी आमच्या सोसायटीत ब्रूनो, सिम्बा, कोको, ऑस्कर अशा हाका सुरू होतात. परवा एकांकडे मुधोळ हाउंडचं पिल्लू आलं, अस्सल दख्खनी जात, त्याचंही नाव लिओ! मोत्या, खंड्या, टिप्या, वाघ्या ही नावं काय फक्त शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यांसाठी? घरात मराठी बोलता ना, मग कुत्र्याचं नावही मराठीच हवं.

चहाबाज: आमच्या गावात आळीआळीला एक टॉमी आहे. त्याला परका कोण म्हणेल? आणि तुमचे मोत्यावालेसुद्धा कुत्र्याला 'सिट' आणि 'कम'च म्हणतात.

पायवाट: भाषा राहू द्या, हाक कशी मारता येते ते बघा. दोन अक्षरी नाव बरं. 'नो' म्हणून दटावत असाल तर 'जो', 'बो' नको, कुत्र्याचा गोंधळ होतो. 'बादशहा' ठेवलंत तरी आठवड्यात 'बाद्या' होणारच.

रानवारा: कुत्र्याच्या डोक्याची काळजी नको. अमेरिकेत जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. तिला 'खंड्या' काय जड गेलं असतं?

पायवाट: पिली निवृत्त प्राध्यापक होते, रोज तासन्‌तास शिकवायचे. तुम्ही ऑफिसातून दमून येणार, दार उघडताना एक हाक मारणार. ती ऐकून धावत आला पाहिजे, बस्स.

कृष्णाकाठ: बाकी काहीही ठेवा, 'वाघ्या' जपून. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून केवढं रामायण झालं! ऑगस्ट २०१२ मध्ये तो हटवला, पुन्हा बसवला, २०२५ मध्ये वाद परत पेटला. शिवाय खंडोबाला वाहिलेल्यांनाही वाघ्या म्हणतात. आमचं कुलदैवत खंडोबा. 'वाघ्या, हो बाहेर' म्हणायला आईची जीभ रेटत नाही.

भंडारा: आमचंही कुलदैवत खंडोबाच, आणि कुत्रा वाघ्याच. देवाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, तो देवाला चालतो. तुमच्या आईंना 'बाहेर हो' म्हणावं लागतं, यात नावाचा काय दोष? सवय लावा त्याला.

कृष्णाकाठ: सवय लावायला तुम्ही येता का?

चहाबाज: 😄

सांजवेळ: सगळे मोत्या, खंड्या, वाघ्या सांगताय. आमच्याकडे कुत्री आहे. मराठीवाल्यांनी तिचंही सांगा की.

रानवारा: चिंगी. राणी. चंपी.

सांजवेळ: चंपी माझ्या आत्याचं नाव आहे. कोकोच ठेवते.