‘अ‍ॅग्रव्हेटेड’ला ‘बळावलेलं’ चालेल का? माजी सैनिकाच्या पेन्शनच्या कागदातला शब्द

रानजाई
वडील ७९ वर्षांचे. तोफखान्यात होते, १९७१च्या लढाईत पश्चिम सीमेवर. आता दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी त्यांनी पूर्वी केलेला अर्ज फेटाळला गेला. तेव्हा एका कार्यालयाकडून मराठीत पत्र आलं होतं. त्यात एकच ओळ: ‘आपले अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही.’ बाबांनी ते वाचलं आणि फाइल कपाटात ठेवून दिली. म्हणाले, ‘खरंच आहे ना. चिपळूणला लहानपणी माझा कान फुटायचा. मेडिकल बोर्डासमोर मी तसं सांगितलंही होतं.’ पुढे वीस वर्षं घरात हा विषय कुणी काढला नाही.

गेल्या महिन्यात मूळ इंग्रजी कागद हाती लागला. त्यात दोन गोष्टी आहेत, ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल’ आणि ‘अ‍ॅग्रव्हेटेड’. दुखणं नोकरीमुळे झालं तरी हक्क, आणि आधीचंच दुखणं नोकरीमुळे वाढलं तरीही हक्क. मराठी पत्रात दुसरी गोष्ट गाळलेलीच आहे. बाबांना ती कधी कळलीच नाही.

आता अपिलासोबत त्यांचं निवेदन मराठीत लिहायचंय. स्वतः वाचून सही करता यावी त्यांना. मी लिहिलंय, ‘सेवाजन्य किंवा सेवेमुळे बळावलेले’. नवरा म्हणतो, कानाला ‘बळावलेलं’ शोभत नाही. काय करू?

खडूफळा
तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. रोग बळावतो, ताप बळावतो, कारण त्याला अंगात जोर धरता येतो. बहिरेपण म्हणजे उणीव. उणीव बळावत नाही, वाढते. ‘बहिरेपण बळावले’ हे कानाला खटकतं. साधं ‘वाढलेले’ लिहा.

ओसरी
पण ‘वाढलेले’ फार मवाळ आहे. वयानेही वाढतं की! समोरचा तेच म्हणणार: ७९ वर्षांचा माणूस, ऐकू कमी येणारच. ‘बळावले’ म्हटलं की काहीतरी कारण घडलं असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं. आमची आजी म्हणायची, ‘पावसात भिजला नि दमा बळावला.’ ‘दमा वाढला’ म्हटलं तर पाऊस सुटून जातो.

पळसपान
‘चिघळले’ का नको? जखम हयगयीने चिघळते. अर्थ जवळचा आहे.

खडूफळा
चिघळायला आधी उघडी जखम लागते. आणि हल्ली संपसुद्धा चिघळतात. ‘विकोपाला गेले’ हा वैद्यकातला चांगला शब्द आहे, पण तो शेवटच्या पायरीचा. ‘उचल खाल्ली’ म्हणजे बसलेलं दुखणं पुन्हा उठलं. या चारही छटा वेगळ्या आहेत. इंग्रजी एका शब्दात सगळं उरकतं, म्हणून आपणही एकच शब्द शोधत बसायचं कारण नाही.

पलटणवाला
मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. १९८८ साली श्रीलंकेत सुरुंगावर डावा पाय गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, पुढे मुंबईत एका बँकेत नोकरी केली. ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

शब्दाबद्दल सांगतो. दोन्ही गोष्टी नाकारल्या की कागदावर ‘एन-ए-एन-ए’ पडतं, म्हणजे ‘नीदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’. जवानांच्या तोंडी त्याचं ‘नाना’ झालंय. ‘बोर्डाने नाना लावला’ म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा, आणि या एका शब्दावर कितीतरी वडीलधारे रिकाम्या हाताने घरी आले. तुमच्या पत्रात फक्त पहिला ‘ना’ आलाय.

आणि हे ‘सेवाजन्य’ आमच्यातलं कुणी बोलत नाही. आम्ही ‘नोकरीत लागलं’ म्हणतो. गावाकडे तर अजून ‘पलटणीत होता’ म्हणतात.

शिधापत्रिका
‘सेवा’ला माझाही विरोध आहे. सेवा देवाची, आईबापांची. सैनिकाला पगार मिळतो, ती नोकरी आहे, आणि तसं म्हटल्याने तिचा मान कमी होत नाही. ‘सेवा’ म्हटलं की मोबदला मागणं अवघड होऊन बसतं. तसाच ‘लाभ’. योजनेचा लाभ, लाभार्थी! डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. म्हणूनच तो दिवस पेन्शनर पाळतात. निवेदनात ‘लाभ मिळावा’ लिहू नका, ‘देय रक्कम मिळावी’ लिहा.

रानजाई
हे लगेच बदलते. मी खरंच ‘लाभ’ लिहिलं होतं.

अजून एक अडलंय. ‘बेनिफिट ऑफ डाउट’ला ‘संशयाचा फायदा’ लिहिलं तर बाबा सही करणार नाहीत. ‘मी काय चोरी केली?’ म्हणतात.

ओसरी
बाबांचं ऐका! ‘संशयाचा फायदा’ मिळून आरोपी सुटतो, त्या शब्दाला कोर्टाचा पिंजरा चिकटलेला आहे. ‘शंका असल्यास कौल सैनिकाच्या बाजूने’ असं लिहा. ‘कौल’ कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

शिधापत्रिका
त्याला आधारही आहे. धरमवीर सिंह खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरून चालायचं. आजार नोकरीतला नाही हे दाखवायची जबाबदारी सैनिकावर नाही, नाकारणाऱ्यावर. तुमच्या बाबांच्या भरतीच्या कागदात कानाची नोंद आहे का, ते आधी बघा. मात्र नियम वेळोवेळी बदललेत, तेव्हा बाबा कोणत्या साली सैन्यातून बाहेर पडले हेही वकिलाला दाखवा. सैन्यदल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, दिल्लीला जावं लागत नाही.

पळसपान
मला मुळात ‘अपंगत्व’ हाच शब्द खटकतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याच्या मराठीत ‘दिव्यांग’ आहे, महाराष्ट्रात २०२२च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण विभागही आहे. निवेदनात ‘दिव्यांगत्व’ हवं.

खडूफळा
ठाम विरोध. अंगात दिव्य काही नसतं, तिथे दुखत असतं. ‘अपंग’मध्ये उणेपणा आहे हे कबूल, पण तो शब्द निदान खरं बोलतो. आणि पेन्शन त्या उणेपणाचीच मिळते, टक्क्यांत मोजून! २० टक्क्यांच्या खाली अपंगत्वाचा भाग मिळत नाही. शंभर टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. दिव्यत्वाचे टक्के कसे काढणार?

पळसपान
शब्द बदलले की नजर बदलते. माझी बहीण व्हीलचेअरवर आहे. ‘अपंग’ ऐकत मोठी झाली. ‘दिव्यांग’ तिला आवडतो. तिच्या आवडीला तुमची व्युत्पत्ती आड येऊ नये.

खडूफळा
ताईंना आवडतो तर त्यांच्यासाठी तोच योग्य. माझा आक्षेप तो सगळ्यांवर लादण्याला आहे.

पलटणवाला
मला विचाराल तर ‘जायबंदी’. दिव्यांग जन्मतःही असू शकतो, अपघातानेही होतो. जायबंदी म्हटलं की लढाई आलीच. हिशोबातही फरक आहे, युद्धजखमेची पेन्शन वेगळी आणि तिचा दर साध्या अपंगत्वापेक्षा चढा. मुरलीकांत पेटकर १९६५च्या लढाईत जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना कुठल्या शब्दाने कमी करणार?

ओसरी
‘जायबंदी’ कुठून आला असेल? माझा आपला अंदाज, फारसीतला ‘जाय’ म्हणजे जागा, जागेवर बांधला गेलेला तो जायबंदी.

खडूफळा
मला ‘जाया’शी नातं वाटतं. ‘जाया गेला’ म्हणजे वाया, निकामी. पण मग ‘बंदी’चं काय करायचं, ते मलाही सुटलेलं नाही.

शिधापत्रिका
जुन्या कागदांत गेलाच आहात तर सभासद बखर बघा. अफझलखानाच्या प्रसंगानंतर पडलेल्यांच्या बायकांना, मुलगा नसेल तर, निमं वेतन ‘चालवलं’. जखमींना जखम पाहून होन दिले, कुणाला दोनशे, कुणाला पंचवीस. १६५९ सालची गोष्ट. ‘जखम पाहून’ या दोन शब्दांत आजचा सगळा मेडिकल बोर्ड आला. आणि ‘चालवणे’ काय सुंदर क्रियापद आहे! पेन्शन ‘मंजूर’ करत नाहीत, ‘चालवतात’.

पळसपान
तरी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’चं मराठी कोण सांगणार? सैन्याच्या पेन्शनच्या २०२३च्या नियमांत, अपंगत्व येऊनही नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’ (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) जाऊन तो शब्द आलाय.

खडूफळा
‘रिलीफ’ तर ‘लाभ’पेक्षा वाईट. पूरग्रस्तांना देतात ती मदत.

रानजाई
काल बाबांना पाटीवर लिहून विचारलं, तुमच्या कानाचं काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. म्हणाले, ‘आधी कान नुसता वाहायचा. तोफांनी तो खाल्ला.’

हे असंच लिहिलं तर चालेल का? की पुन्हा ‘बळावले’वर यायचं?

ओसरी
असंच लिहा. अवतरणात, त्यांच्या नावाने.

शिधापत्रिका
अवतरण जरूर घ्या, पण खाली नियमातला शब्दही हवा. नाहीतर पुन्हा एकच ‘ना’ वाचतील.

पलटणवाला
आमच्या गावी बैल पाय मोडून बसला तरी ‘जायबंदी झाला’ म्हणतात. त्यामुळे ओसरींचं ‘जागेवर बांधलेला’ मला पटतंय. देशावर बैलाला काय म्हणतात?