मदत हवी आहे: आठ महिन्यांच्या खंडानंतर प्रशिक्षकाने मैदानावर परत कसं यावं?

८०० आणि १५०० मीटरच्या धावपटूंचे प्रशिक्षक, वय ५२. पत्नीला जाऊन दहा महिने झाले. पाठोपाठ क्लबने करार वाढवला नाही, तेव्हापासून आठ महिने मैदान बंद. झोप तुटक. आता १४-१५ वर्षांच्या मुलांची बॅच घ्याल का, अशी विचारणा आली आहे: आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. होकार द्यावा का? दिला तर सुरुवात कितीपासून?

प्रतिसाद १
होकार द्या, पण सहा दिवसांना नाही. पहिले चार आठवडे एक दिवसाआड, म्हणजे तीनच दिवस, आणि तेही सहायक म्हणून. स्ट्रेस फ्रॅक्चर (अति सरावाने हाडाला पडलेली बारीक चीर) नुकतंच भरलेल्या पोराला तुम्ही पहिल्या दिवशी ४०० मीटरचे दहा रिपीट, म्हणजे तेच अंतर दहा वेळा वेगात, देत नाही. इथेही तोच हिशोब. पहिले दोन आठवडे फक्त वॉर्म-अप, वेळा घेणं आणि कूल-डाउन. तिसऱ्यापासून पाच-सहा मुलांचा एक गट. पाचव्यात चौथा दिवस.

घोटाळा होतो तो असा: पहिला आठवडा छान जातो, मोकळं वाटतं, म्हणून माणूस लगेच दिवस वाढवून घेतो. थकवा दोन-तीन आठवड्यांनी अंगावर येतो. एक सकाळ चुकते, मग चार, आणि मुलांसमोर जायची लाज वाटू लागते.

त्यासाठी मुलांना लावता ते माप स्वतःला लावा. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने श्रमाला ० ते १० पैकी अंक द्या आणि मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं, श्रम ४, म्हणजे ३६०. काम तेच असून पुढच्या आठवड्यात अंक ७ वर गेला, तर भार ६३० झाला. त्या आठवड्यात काही वाढवायचं नाही.

प्रतिसाद २
झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा. सुट्टीच्या दिवशीही तीच. साधारण २० मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, पेंग आली की परत जा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते.

सर्वांत अवघड असतो मैदानावरून परतल्यावरचा तास. शिट्टी आणि स्टॉपवॉच खुंटीला अडकवल्यावर ‘आज कसं झालं?’ असं विचारणारं घरात कोणी नसतं. म्हणून सरावाची वही मैदानावरच पूर्ण करा आणि त्या तासाला भावाला किंवा मित्राला ठरलेला फोन ठेवा. पत्नीच्या वस्तू आणि कागदपत्रं आवरायचं काम सरावाच्या दिवशी काढू नका, सुट्टीच्या दिवशी तासभरच. एक दिवस कामात रमणं आणि दुसऱ्या दिवशी हुंदका येणं, हे दोन्ही सोबतच चालतं. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाचं जे प्रारूप मांडलं, त्यात हे हेलकावे स्वाभाविकच मानले आहेत.

प्रश्नकर्ता
मुलांनी विचारलं तर काय सांगावं? आणि जुनी नोकरी का सुटली, असं बॅच देणाऱ्यांनी विचारलं तर?

प्रतिसाद १
मुलांना एकच वाक्य: ‘घरी दुःखाचा प्रसंग झाला होता, आता मी परत आलोय.’ मग लगेच वॉर्म-अप. नोकरीबद्दल दोन वाक्यं: करार संपला, पुढे वाढवला गेला नाही. जुन्या क्लबची उणीदुणी नकोत. त्यांना भेटायला जाताना सोबत १२ आठवड्यांच्या सरावाचा एक आराखडा आणि धावपटूंच्या सुधारलेल्या वेळा न्या.

प्रतिसाद २
एक राहिलं. सहा महिन्यांनंतरही शोक तितकाच तीव्र असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटं राहू नका.